पंख्यानं खाल्लेले झेंडू

चिकलठाण्याच्या प्लेटिंग कारखान्यात मी ॲसिडच्या टाकीवर. दसऱ्यापासून मला असा खोकला लागला, की शेजारचं मशीन बंद पडलं तरी कुणाला कळंना.

मॅनेजर श्रीनिवास साहेब म्हणाले, "सुलेखाताई, वाफ ओढायला एवढा मोठा पंखा बसवलाय. उद्या तपासणी आहे. पंखा पास झाला तर खोकला तुमच्या घरचा. मग कामावर ठेवणं अवघड."

म्हणजे पंखा पास, तर मी नापास.

तपासणीला रूपाली मॅडम आल्या. त्यांच्याकडं पांढरा धूर सोडायची नळी. टाकीवर धूर सोडायचा, वरच्या पाइपाच्या पत्र्याच्या तोंडानं तो ओढला तर पंखा चांगला.

साहेबांनी आमच्या कडुबाकाकाला, म्हंजे फिटरला, आधीच पढवून ठेवलं होतं, "धूर दिसला, की मागून तो उभा फर्राटा पंखा चालू कर. धूर बरोबर वर जाईल." अन् स्वतः केबिनमधी कचोरी खात बसले.

काकानं फर्राटा लावला. धूर वर गेलाच नाय, सरळ खिडकीतून केबिनमधी घुसला. साहेब कचोरीसकट बाहेर आले, डोळे लाल, खोकून खोकून वाकले.

मी पाणी दिलं. "साहेब, हा खोकला घरचा का कंपनीचा?"

मॅडमनी फर्राटा बंद करायला लावला. परत धूर सोडला. तो जागचा हलंना, माझ्या तोंडापुढंच घुटमळला.

"पाइप खोला," मॅडम म्हणाल्या.

काकानं पाइप खोलला अन् झेंडू पडायला लागले. काळे, कुजके, हाराच्या हार. दसऱ्याला आम्ही सगळ्या मशिनी पुजतो. पंख्याच्या तोंडालाही हार. दुसऱ्या दिवशी तो गायब.

"दरसाली मला वाटायचं, मशीननं मान घेतला!" काका म्हणाला.

शेवटी साहेबांची पूजेची जरीची टोपी निघाली. ती चोरली म्हणून साहेबांनी दोन वॉचमन हाकलले होते.

पाइप साफ करून पंखा लावला. धूर सुर्रकन वर. मी वाकून छातीभर श्वास घेतला. घशात काहीच खवखवलं नाय. लई महिन्यांनी!

"ताई," साहेब ठसकत म्हणाले, "चार दिवस पगारी सुट्टी घ्या. मग टाकीवर तुम्हीच."

तेवढ्यात पंखा पास झाला म्हणून काका कुठूनसा ताजा हार घेऊन आला अन् पत्र्याच्या तोंडाकडं निघाला.

"काका, नाय!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

काका गोंधळला. शेवटी हार माझ्या गळ्यात घातला.