सैल पट्टा

मित्रांनो, मी लाकूड कातणारे एक जुने लेथ यंत्र आहे. पनवेलमध्ये जमाल यांच्या दुकानात बेचाळीस वर्षे एकाच जागी उभे आहे. माझा सांगाडा ओतीव लोखंडाचा. मोटरची गती चामड्याच्या पट्ट्यातून माझ्यापर्यंत येते. फिरत्या लाकडावर जमाल पटाशी टेकवतात आणि पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब आकार घेतात.

दोन वर्षांपूर्वी शेजारी नवे लेथ आले. तरी लोक माझीच स्तुती करतात. ती अर्धी खरी आहे. माझ्या वजनामुळे लाकूड थरथरत नाही, हे मान्य. पण नव्याचे लाल बटण हाताशी आहे आणि ते दाबताच यंत्र थांबते. माझे बटण चार पावलांवर, भिंतीत. ते बंद केल्यावरही मी अकरा सेकंद फिरते.

गेल्या शुक्रवारी जमाल नमाजाला गेले होते. दुकानात त्यांची मुलगी सायमा होती. कामोठ्याचे कृष्णकांत नातीच्या पाळण्याचे खांब करून घ्यायला आले.

"याच जुन्यावर कर हं. जुन्या मशीनला जीव असतो."

"असेल काका. ब्रेक नाही."

"तुझ्या अब्बांना कधी लागला का ब्रेक?"

सायमा हसली आणि माझ्याकडे वळली. मला जीव असल्याचा कोणताही पुरावा माझ्यापाशी नाही. काळजी मात्र त्या क्षणापासून सुरू झाली.

माझा पट्टा घसरत होता. तिने तो ताणून बसवला, वर राळ चोळली आणि मला सुरू केले. पट्टा आता घट्ट धरून होता. लाकडात एक गाठ होती. पटाशी तिच्यापासून बोटभर दूर होती. ओरडण्याची सोय माझ्या रचनेत नाही.

जमाल दारातच थबकले. माझा आवाज बदलला होता. त्यांनी चपलाही न काढता भिंतीतले बटण बंद केले.

"पटाशी उचल. मागे हो."

अकरा सेकंदांनी मी थांबले.

"पट्टा कोणी ताणला?"

"मी. घसरत होता, अब्बा."

"घसरू दे. पटाशी गाठीत अडकली की तो घसरतो, म्हणून माझी दहा बोटं शाबूत आहेत."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

जमाल बराच वेळ पट्ट्यावरची राळ नखाने खरवडत राहिले. "वाटलं, तुला ठाऊक असेल."

कृष्णकांतांनी खांब मुकाट्याने नव्या लेथवर करून घेतले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेल घालता, पुसता, त्याबद्दल आभार. पण त्याच्या खोडी ज्याला माहीत आहेत, त्याने त्या पुढच्याला सांगितल्या पाहिजेत; यंत्र स्वतः सांगू शकत नाही. सायमाने त्याच संध्याकाळी माझ्या सांगाड्यावर लिहिले, 'पट्टा सैलच ठेवा.'

तिने ते खडूने लिहिले आहे. माझ्यावर रोज भुसा उडतो आणि रोज कोणीतरी मला फडक्याने पुसते. कृपया ते रंगाने लिहा.