तळ्यातल्या गाईचं कातडं

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. टोपलीसारखी गोल आणि इतकी हलकी, की एकटं माणूस मला पाठीवर टाकून डोंगर चढू शकतं.

तैवी नदीच्या काठी इद्वाल नावाच्या कारागिरानं मला घडवलं. वाळुंजाच्या झाडाच्या ओल्या डहाळ्या वाकवून त्यानं माझ्या बरगड्या विणल्या आणि वरून एका पांढऱ्या गाईचं कातडं ताणून बसवलं. ही गाय डोंगरावरच्या तळ्यातून चालत आली होती, असं सगळा गाव सांगे. ती म्हातारी होऊन मेली, तेव्हा इद्वालनं तिचं कातडं मागून घेतलं. त्यावर पाण्याचा थेंबही ठरत नसे! पहिल्याच हंगामात माझ्यात इतके मासे पडले, की शेजारच्या गावांतले कोळी मला बघायला आले. मी अगदी फुगून गेले होते.

इद्वालला दोन पुतण्या होत्या. थोरली नेस्त, सदा गाणं गुणगुणणारी. धाकटी हेलेध सोळा वर्षांची. हेलेध वल्हवायला बसली, की मी जागच्या जागी गिरक्या घेई.

“अगं, मासे पुढे आहेत!” इद्वाल काठावरून ओरडे. “लग्नात दारू ढोसलेली मेंढीसुद्धा तुझ्यापेक्षा सरळ जाते!”

मग एका मे महिन्याच्या पहिल्या दिवशी नेस्त डोंगरावर मेंढ्या शोधायला गेली, ती परतलीच नाही. म्हातारी माणसं म्हणाली, “तळ्यातल्या मंडळींनी नेली.” त्यांचं बेट वर्षातून त्याच एका दिवशी वर येतं आणि दुपारी बुडतं. हेलेधनं ते ऐकलं आणि मनाशी दिवस मोजू लागली.

वर्ष भरलं, त्या सकाळी तिनं मला पाठीवर घेतलं आणि धापा टाकत डोंगर चढली. तळ्यात बेट कुठंच दिसत नव्हतं. नुसतं काळं, गार पाणी आणि पलीकडे धुकं. तिनं मला पाण्यात सोडलं, आत बसली, आणि वल्हं पाण्याला लागायच्या आधीच मी सुटले! बाणासारखी, सरळ! माझ्या कातड्याला घरची वाट आठवली होती. समोरचं धुकं फाटलं आणि बेट दिसलं. एकाच फांदीवर फुलं आणि सफरचंदं, आणि झाडांखाली नाचणारी माणसं. त्यांत नेस्त होती.

“हेलेध? तू कशी इथं?” ती हसत म्हणाली. “मी आत्ताच तर आले. एक नाच झालाय फक्त.”

“एक वर्ष झालंय, बावळट! आई रोज तुझा वाडगा भरते आणि रोज कुत्र्यापुढे ओतते.”

नेस्तचं हसू मावळलं. तिनं आपले लाकडी बूट शोधून पायात घातले.

तेवढ्यात पाण्यातून एक उंच बाई वर आली. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. “बहिणीला ने,” ती हेलेधला म्हणाली. “पण आमची गाय इथंच राहील.” तिनं माझ्यावर तळवा ठेवला. मी थरथरले.

“कातडं काढलं तर आम्ही जायचं कसं?”

“ते तुमचं तुम्ही बघा. सूर्य डोक्यावर आला, की बेट खाली जाईल.”

“मी राहते,” नेस्त पुटपुटली. “तू पोहत जा.”

“गप्प बस आणि झगा काढ!”

हेलेधनं सुरी काढून माझ्या वाद्या कापल्या. कातडं पाण्यात पडलं आणि काय सांगू, त्यातून एक धष्टपुष्ट पांढरी गाय उठली! अंग झाडून ती मागं न बघता खोल पाण्यात चालत गेली. मला उघडं उघडं वाटलं, पण वाईट नाही वाटलं.

दोघी बहिणींनी आपले लोकरी झगे माझ्या बरगड्यांवर ताणले, त्याच वाद्यांनी बांधले आणि शिदोरीतलं सगळं लोणी त्यावर चोळलं. आम्ही निघालो. पाणी आत येतच होतं! नेस्त बुटानं उपसत होती.

“गोल फिरतेयस, हेलेध!”

“मग तू वल्हव!”

“मी उपसू की वल्हवू?”

मागं बेट खचू लागलं. पाणी आम्हाला मागं ओढू लागलं. तेव्हा हेलेध पुढे वाकली, दात आवळले आणि वल्ह्यानं पाण्यात आठाचा आकडा काढू लागली. काका शिकवून थकले होते, तोच! मी सरळ झाले. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, आणि मी धावले! बेट बुडाल्याची लाट मागून आली, तिनं आम्हाला उचललं आणि काठाच्या दगडांवर आपटलं. माझ्या तीन बरगड्या मोडल्या. दोघी बहिणी चिखलात पडून हसत होत्या, रडत होत्या.

इद्वालनं मला जाड कापड आणि डांबर लावून पुन्हा उभं केलं. पुढची चाळीस वर्षं हेलेधनं मला वल्हवलं. ती गेल्यावर मात्र मला गोठ्याच्या भिंतीला टांगलं. आता माझ्यात कोंबड्या अंडी घालतात आणि उन्हानं माझ्या बरगड्या तडकतात.

मित्रांनो, जुनी वस्तू शोभेला टांगली, की ती वाळून मरते. तिला काम द्या. माझ्यातली अंडी तेवढी काढून घ्या, डांबराचा एक हात द्या आणि मला नदीत सोडा. मग बघा!