चौथी ओळ

औषधाचं मापटं तिच्या हातातून निसटून फरशीवर पडलं. एवढ्याशा आवाजाने दुपारची शांतता मोडली आणि पलंगावरची तिची लेक चिमणी जागी झाली. तापाचा तिसरा दिवस होता. गाल अजून लालबुंदच होते.

“दुपारचं औषध दिलंस का गं?” स्वयंपाकघराच्या दारातून आत्याने विचारलं.

मापटं उचलता उचलता ती थबकली. दिलं होतं, की द्यायचं होतं? जागरणाने डोक्याचा पार भुगा झाला होता.

“बघू बाटली.” आत्या पुढे आली. तिची ही मोठी नणंद चिमणीच्या जन्माच्या वेळी दोन दिवसांसाठी म्हणून आली होती. त्या दोन दिवसांना पाच वर्षं झाली. प्रत्येक वेळी औषध दिलं की आत्या बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवायची. औषध शेवटच्या रेघेखाली उतरलं होतं. “दिलंयस. माणूस विसरतो बाई, बाटली नाही विसरत.”

“आई, माझ्या अंगातले लढवय्ये उठले का?”

“उठतायत.”

“ती गोष्ट परत सांग. टेहळ्यापासून.”

ती पलंगाच्या कडेला टेकली. प्रयोगशाळेत दिवसभर ज्या पेशी हाताळायची, त्यांचीच तिने लेकीसाठी गोष्ट केली होती.

“टेहळ्या शत्रूचा एक तुकडा पकडून आणतो. लढवय्याला दाखवतो. म्हणतो, बघ, हा घुसलाय.”

“मग लढवय्या उठतो!”

“कसला उठतोय? आळशी आहे तो.”

“तुझ्या बाबासारखा,” आत्याने पुरवणी जोडली.

“मग येतो मदतनीस. टेहळ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, खरं आहे तुझं, जोरात हाक मार. तेव्हा कुठे लढवय्या उठतो. मदतनीस आलाच नाही, तर तो कूस बदलून झोपून जातो. नाहीतर लढतो कसाबसा, पण शत्रूचा चेहरा लक्षात ठेवत नाही. आणि मदतनीस आला नसताना...”

तिचा आवाज मधेच विरला.

सकाळीच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा फोन येऊन गेला होता. तिने लावलेल्या प्रयोगात तबकडीवर खळग्यांच्या चार ओळी होत्या; चौथ्या ओळीत मुद्दाम मदतनीस पेशी घालायच्या नव्हत्या. तरी तिथले लढवय्ये खडबडून जागे झाले होते. मॅडम हरखून गेल्या होत्या. “सोमवारी सगळ्यांपुढे मांडते. आणि तुझ्या मुदतवाढीचं आता मी बघतेच.” तिची नेमणूक महिनाअखेर संपत होती.

तिने आत्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. बाटली विसरत नाही.

प्रयोग लावला त्या दिवशी मदतनीस पेशी तिने नेहमीच्या सवयीने एका ओळीपुरत्या जास्तच केल्या होत्या. तीन ओळी भरून तेवढ्या नळीत उरायला हव्या होत्या. तिसरी ओळ संपता संपता आत्याचा फोन आला, पोरगी तापाने फणफणलीय. ‘निघतेच’ म्हणत तिने हातातलं काम उरकलं, नळी कचऱ्यात टाकली आणि धावत सुटली. नळी रिकामी होती. टाकताना ती बोटांना हलकी लागली होती, तेही तिला आता आठवलं. म्हणजे उरलेल्या पेशी घाईघाईत चौथ्या ओळीतच गेल्या होत्या.

“काय गं? पांढरीफटक पडलीस.”

जमेल तसं तिने सांगितलं. शेवटी म्हणाली, “कुणाला कळायचं नाही, ताई. नळी कधीच गेली.”

आत्या मापटं धुवायला घेऊन गेली. एवढंसं मापटं, पण बराच वेळ धूत राहिली.

“म्हणजे माझ्या फोनपायी.”

“तसं नाही हो ताई.”

“बरं, नाही. पण कुणाला कळायचं नाही म्हणतेस. तुला कळलं, आता मलाही कळलं. आपण दोघी काय कुणीच नाही?”

आत्याने हात पुसले, टेबलावरचा फोन आणून तिच्या मांडीवर ठेवला आणि मागे उभी राहिली. तिच्या खांद्यावर ओलसर, गार हात टेकला. तिने मॅडमना फोन लावला.

“मॅडम, चौथी ओळ चुकलीय. माझ्या हातून.”



“खात्री आहे?”

“नळी रिकामी होती, मॅडम.”

“अगं, कुणी...” मॅडम थांबल्या. मग एक उसासा ऐकू आला. “बरं. सोमवारचं काढून टाकते. मुलगी बरी झाली की ये. पुन्हा लावू.”

मुदतवाढीचा विषय त्यांनी काढला नाही. तिनेही काढला नाही.

तिने फोन ठेवला तेव्हा खांद्यावर हात नव्हता. आत्या खिडकीच्या उजेडात बाटली धरून, डोळे बारीक करून, राहिलेली रेघ मारत होती.

चिमणी उशीवरून सगळं बघत होती.

“आई, लढवय्या शत्रूचा चेहरा लक्षात ठेवतो ना?”

“हो. कायमचा.”

“आणि मदतनिसाचा?”