तिसऱ्या पक्ष्यापर्यंत

मी पालेगावातल्या एका फ्लॅटच्या हॉलमधला वॉलपेपर आहे. आहे म्हणजे, काल संध्याकाळपर्यंत होतो.

माझ्यावरची नक्षी इंडोनेशियाची, बाटिकची. तिकडे कापडावर वितळलेल्या मेणाने वेलबुट्टी काढतात आणि मग कापड रंगात बुडवतात. मेणाला तडे जातात, त्यातून रंग आत शिरतो आणि बारीक रेषा उमटतात. मला मेण कधी लागलं नाही. मी मशीनवर छापला गेलो, तड्यांसकट. माझी वेल वर चढते, टोकाला एक पक्षी बसतो आणि दर दोन फुटांवर तोच पक्षी तेच तोंड करून पुन्हा बसतो.

उल्हासनगरच्या दुकानात करिष्माने मला निवडलं. "भाभी, एकदम बाटिक. हात लगा के देखो," दुकानदार म्हणाला. तिने हात लावला आणि मला घेतलं. घरी आल्यावर मात्र ती कोणाला हात लावू देईना.

तिच्या सासूबाई मोतीबाई, जन्म भातशेतीत गेलेल्या. मला पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "नव्या घराला तडे कशाला लावलेस गो?"

सहा महिन्यांनी मोतीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, उजवा हात आला नाही. अंबरनाथ पूर्वेहून उन्नती नावाची फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या भिंती पाहिल्या आणि माझ्यासमोर थांबली.

"काकी, ही वेल दिसते? बोटांनी चढायची. मुंगी चढते तशी."

"कुठवर?"

"सध्या कमरेजवळच्या पक्ष्यापासून पुढच्या पानापर्यंत. मग डोक्यावरच्या पक्ष्यापर्यंत."

तो खालून तिसरा पक्षी. मोतीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी हिमालयाकडे पाहतं. एक पान चढायला त्यांना आठवडा लागला.

हाताला रोज तेल चोळलं जाई. त्यामुळे माझ्या वेलीवर एक पिवळट, तेलकट पायवाट पडली. करिष्माने ती ओल्या फडक्याने पुसली. डाग आणखी पसरला. माझ्यासारख्याला पुसायचं नसतं, हे रोलवर लिहिलेलं होतं.

एका दुपारी ती फोनवर बहिणीला म्हणाली, "भिंतीची पार वाट लागली गं. दाखवण्यासारखं काही राहिलं नाही."

मोतीबाई आतल्या खोलीत जाग्याच होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात उचलला नाही. उन्नतीने समजावलं, मुलगा कल्पेश रागावला. "दुखतंय," एवढंच उत्तर. असे अकरा दिवस गेले. उन्नती जाताना म्हणाली, "हात असाच राहिला तर मग माझ्याने काही होणार नाही."

त्या दिवशी करिष्मा सासूजवळ जाऊन बसली. "आई, त्या दिवशी फोनवरचं ऐकलंत ना?"

मोतीबाईंनी डाव्या हाताने उजवा हात पदराखाली ओढून घेतला.

करिष्मा उठली. तेलाची वाटी घेतली, पाचही बोटं बुडवली आणि माझ्या मधोमध आपला पंजा दाबला. मग शेजारी आणखी एक.

"अगं, काय करतेस! वेडी झालीस?"

"झाली भिंत खराब. आता तुम्ही जपावं असं काही उरलं नाही. चला, उठा."

मोतीबाई उठल्या.

माझं कौतुक करायला आलेल्या पाहुण्यांनी त्यानंतर विषय बदलायला सुरुवात केली. मला त्याचं काही नाही. डिसेंबरात मोतीबाईंचं मधलं बोट तिसऱ्या पक्ष्याच्या पायाला लागलं. "चावला का?" कल्पेशने विचारलं. कोणी हसलं नाही. करिष्मा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

काल मला काढलं. रंगारी येणार होता, पण मोतीबाई म्हणाल्या, "मी सोलते." तिसऱ्या पक्ष्याला नख लावून त्यांनी मला खाली ओढलं. चौथा पक्षी करिष्माने स्टुलावर चढून काढला.

आता मी गोणीत आहे. सकाळी घंटागाडी येईल. गोणीचं तोंड मोतीबाईंनी स्वतः सुतळीने बांधलं, दोन्ही हातांनी.

कचरा वेगळा करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. गोणी खुशाल फाडा. गाठ सोडवत बसू नका, ती सुटणार नाही.