लाल रंगात पाणी नव्हतं

पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करावी ती समीक्षानंच. असं सगळे म्हणत, आणि तीही म्हणे, जरा जास्तच. धाकटी जाऊ नूतन तिला रंग कालवून द्यायची.

यंदा समीक्षाला मूर्तींच्या शेल्यांचा लाल फिका दिसायला लागला. विटकरीच म्हणा ना. तिनं रंगाचे हातावर हात चढवले. शेले काळपट झाले, मालक बोलला, आणि समीक्षा सगळ्यांदेखत नूतनवर कडाडली, "रंगात पाणी ओततेस गो? वर म्हणशील, डबाच खराब! नाचता येईना अंगण वाकडं!"

नूतननं रंगाचं भांडं खाली ठेवलं. माहेरी कासूला निघून गेली.

मग समीक्षाचा डावा डोळा हलवला की दुखू लागला. डॉक्टरांनी बाटलीचं लाल टोपण एकेका डोळ्यापुढे धरलं. उजव्याला लालभडक, डाव्याला विटकरी. टोपण तर तेच होतं.

पनवेलला एमआरआय झाला. मज्जातंतूंवरचं आवरण शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती कुरतडते, त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. ही सुरुवात आहे, वेळेत औषधं घेतली तर पुष्कळ आवरता येतं, असं डॉक्टर म्हणाल्या. गेल्या वर्षी पायाला आलेल्या आणि आपोआप गेलेल्या मुंग्याही त्यातल्याच. बैठ्या कामानं येतात म्हणून तिनं त्या मनावर घेतल्या नव्हत्या. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाटली ती लाज. म्हण तिनं भलतीलाच ऐकवली होती.

ती कासूला गेली.

"रंग बरोबर होता गो. माझाच डोळा..."

"ठाव हाय मला," नूतन म्हणाली. "तुमी डावा डोळा मिटून आखत होता, ताई."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"सगळ्यांसमोर? मालकानं आखणी काढून घेतली असती तुमच्याकडनं."

समीक्षाला मान वर करवेना. हिला आपण चारचौघांत उघडं पाडलं, आणि त्याच चारचौघांत ही आपल्याला झाकत होती.

दुसऱ्या दिवशी ती नूतनला घेऊनच कारखान्यात गेली. सगळे कामाला बसत होते.

"नूतननं पाणी घातलं नव्हतं," ती म्हणाली. "मला डाव्या डोळ्यानं लाल दिसत नाय."

आणि तिनं आखणीचा ब्रश मालकापुढे ठेवला.