धुतलेल्या घोंगड्यांचं धुणं

"आजची खाच मारा, भावजी."

पलागा पाटाच्या दाराशी कमरेवर हात देऊन उभी होती. गाव्रिलानं चाकू पाटलोणीला पुसला आणि मिटून खिशात घातला.

"कशाची खाच? भोवऱ्यात काय फिरत हुतं? वाळली पानं. पानं धुतल्याली मोजायची, तर माज्या दारचं कुत्रंबी परीट झालं. रोज पाटात पाय धुतं."

"सकाळी तोडेराच्या घोड्याची झूल धुतली न्हवं का मी?"

"झूल म्हंजी घोंगडी न्हवं, वयनी. घोडं काय ती पांघरून झोपत न्हाई."

"तुमी मातुर भट्टीपुढं घोड्यावानी हुभ्यानं झोपता," पलागा म्हणाली आणि तोंड फिरवून चालू लागली.

हे भांडण म्हणजे दोघांची सांजेची प्रार्थनाच. एखाद्या दिवशी चुकली तर दोघांनाही झोप लागत नसे.

मारामुरेशच्या डोंगरात कोर्बेश्ती गावाला एकच पाट. वरच्या अंगाला गाव्रिलाची आलुबुखाराच्या दारूची भट्टी, खालच्या अंगाला पलागाचा भोवरा. सासऱ्यानं थोरल्याला, म्हणजे पलागाच्या, आता देवाघरी गेलेल्या, नवऱ्याला भोवरा दिला, धाकट्या गाव्रिलाला भट्टी, आणि पाणी दोघांत एक ठेवलं. म्हातारा मोठा धोरणी. डोळे मिटताना बोलून गेला, "ज्याचं काम चालंल, त्याचं पाणी. ईस्टरपासनं दुमित्रूच्या सणापतुर भोवऱ्यानं चाळीस दीस लोकांचं मळल्यालं धुवावं. न्हाई धुतलं, तर समदा पाट भट्टीचा." आणि भोवऱ्याचे दिवस भट्टीवाल्यानं मोजावेत, म्हणजे कुणी लबाडी करायला नको. म्हणून दाराच्या खांबावर गाव्रिला चाकूनं खाचा मारायचा.

भोवरा म्हणजे जमिनीत उतरवलेली ओकच्या फळ्यांची भलीमोठी टोपली. वरून पन्हळीचं पाणी तिरपं कोसळतं, टोपलीत गरगर फिरतं आणि फटींतून निघून जातं. साबण नाही, पावडर नाही, वीज नाही. मणाची घोंगडी आत सोडावी, ती कोकरासारखी फुगून वर यावी. खालच्या ओढ्यातल्या माशांना पत्तासुद्धा लागत नाही की वर कुणाचा मळ निघाला.

पलागाला त्या फिरत्या पाण्यात देवळातला गाणारा तोडेर ऐकू यायचा. हा तोच झुलीवाला तोडेर. आठवडाभर घोडं हाकायचा आणि रविवारी 'प्रभू दया कर' हे एकच वाक्य चाळीस वेळा आळवायचा. दर खेपेला सूर थोडा खाली उतरायचा आणि ऐकणाऱ्याच्या मनावरचा एकेक थर निघत जायचा. "शबुद त्योच," पलागा गावच्या सुनांना सांगायची, "पर फिरवला की धुतो. पाण्याचंबी तसंच हाय."

पण सुनांनी घरोघरी धुण्याची यंत्रं आणली होती. बाजारातल्या हलक्या रजया आणल्या होत्या. घोंगड्या उरल्या त्या हुंड्याच्या, चांगल्या खोलीत आढ्याला टेकतील अशा रचून ठेवलेल्या, पाहुण्यांनी बघायच्या आणि कुणी पांघरायच्या नाहीत. खांबावर खाचा झाल्या होत्या तेवीस. हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा दुमित्रूचा सण आला होता तीन आठवड्यांवर.

भोवरा गेला तर भाकरी अडणार नव्हती, पोरगा इटलीहून पाठवत होता. पण पलागा चाळीस वर्षं त्या पाण्याच्या आवाजावर उठत होती. तो थांबला तर सकाळ झाली हे तिला सांगणार कोण?

अशात तिची जाऊ नस्तासिया शालीखाली कागद लपवून आली. नस्तासिया म्हणजे गाव्रिलाची बायको. नवऱ्याची भट्टी आणि जावेचा भोवरा या दोन्हींच्या मधे तिचं घर, आणि तिचा जीवही तिथंच.

"रेडिओवाली बाई येणार हाय शनवारी," ती कुजबुजली. "रविवारी देऊळ सुटल्यावर लागतंय न्हवं का, माणसाचं अन् मातीचं भलं करून पोट भरणाऱ्यांच्या गोष्टी? आंधळ्यांचा झाडूंचा कारखाना सांगितला हुता, पडक्या वाड्यांची लाकडं सोडवून खुर्च्या करणारा सुतार सांगितला हुता, त्येच. म्या कागद लिवला हुता, त्येचाच ह्यो जबाब. सांगितलं, आमच्या जाऊबाई बिनसाबणानं धुत्यात."

"अगं भवाने," पलागा मटकन बसली. "गोष्ट सांगायची तर धंदा नगं का? ती यील तवा भोवऱ्यात काय दावू? पानं?"

मग दोघी जावांची नजर एकदमच वर गेली, चांगल्या खोलीत आढ्याला टेकलेल्या घोंगड्यांच्या थप्पीकडं.

आणि कोर्बेश्तीच्या बायकांशिवाय जगात कुणालाही सुचलं नसतं ते त्यांना सुचलं.

शनिवारी उजाडायच्या आत परसदारानं घोंगड्या आल्या. कुणाच्या आईनं विणलेल्या, कुणाच्या आजीनं. पांढऱ्याशुभ्र, काठाला लाल काळी नक्षी, धूळसुद्धा न लागलेल्या. साठ-बासष्ट घोंगड्या भोवऱ्याशेजारच्या हौदात भिजत पडल्या. नस्तासियानं नातीच्या, मारूकाच्या लग्नाच्या आठ आणून टाकल्या. लग्न पुढच्या महिन्यात होतं. गाव्रिलाला तिनं विचारलं नाही. विचारायचं असतं ते आधी, करून झालं की फक्त सांगायचं असतं, आणि सांगायला तिला अजून सवड झाली नव्हती.

रेडिओवाली साबिना आली ती आधी भट्टीवर. वाटेतच भट्टी लागते आणि गाव्रिला तर वाटेतच उभा होता, नवी टोपी घालून. बातमी त्यालाही लागली होती. आदल्या दिवशीच त्यानं अंगण झाडून घेतलं होतं, पिंपं धुतली होती. फक्त महिनाभराचा आंबलेला चोथा भिंतीमागं पडला होता, डोंगराएवढा, जांभळा, माश्या घोंगावणारा. तो त्यानं पाहुणी यायच्या अगदी तोंडावर फावड्यानं पाटात ढकलला. गेला वाहून. अंगण आरशासारखं.

बोलत बोलत तो साबिनाला घेऊन खाली आला. पलागाला त्याचा आवाज लांबूनच कळला. ठेवणीतला होता, पाद्रीबाबांशी बोलतानाचा.

"आमच्याकडं बाई, कायसुदिक वाया जात न्हाई. बी लाकडांसंगं जाळतो. चोथा डुकरांना घालतो. पाण्यात? देवा रे, पाण्यात कोण टाकील? पानी म्हंजी देवाचं."

"फार चांगलं," साबिना म्हणाली आणि हातातली डबी पलागापुढं धरली. तीत बोललेलं साठून राहायचं. "आणि मावशी, तुमच्याकडं इतकं काम? या सगळ्या घोंगड्या कुणाच्या?"

पलागा वाकून उगाच एका घोंगडीचा काठ सरळ करू लागली.

"गिऱ्हाइकांच्या," ती म्हणाली. "दहा गावांच्या. लई लांबनं येत्यात."

गाव्रिलाच्या भुवया टोपीत शिरल्या. तो काही बोलणार, एवढ्यात पन्हळ खोकली.

आधी एक जांभळा गोळा आला. मग दुसरा. मग अख्खी पन्हळ जांभळी झाली आणि भोवऱ्यात आलुबुखारांची साल, बाठे आणि आंबूस फेस गरगर फिरायला लागला. तिथून हौदात. पांढऱ्या घोंगड्या बघता बघता बिशपच्या झग्यासारख्या झाल्या. वास असा, की कुंपणावरची कोंबडी दोनदा शिंकली.

साबिनानं पाण्याकडं बघितलं, मग गाव्रिलाकडं.

"डुकरं वर पाटात असतात का तुमची?" तिनं शांतपणे विचारलं.

गाव्रिला कानापर्यंत लाल झाला. पण हरणाऱ्यातला नव्हता. "माजं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "वयनी, आता दहा गावच्या गिऱ्हाइकांना काय तोंड दावशील?"

कोर्बेश्तीत लग्नात वरपक्ष-वधूपक्षाच्या बायका-बाप्ये समोरासमोर उभे राहून जोडओळी फेकतात, टाळी वाजवून, टाच आपटून. पलागाला राग आला की त्याच यायच्या. तिनं ओला हात कमरेवर ठेवला, टाच आपटली आणि वरच्या पट्टीत फेकली:

"दीर माझा गुणाचा, भट्टी त्याची पुण्याची,
चोथा घाली पाटात अन् शपथ घेई डुकराची."

कुंपणापाशी जमलेल्या घोंगडीवाल्या बायका फसकन हसल्या. गाव्रिलानं टोपी मागं सारली. जोडओळीला जोडओळ न दिली तर गावात तोंड काढायची सोय नाही.

"वयनी माझी कामाची, कीर्त दहा गावांची,
धुतलेलंच धुती बया, हाव तिला नावाची.

आख्ख्या गावाला ठावं हाय," तो साबिनाकडं वळला, "ही बायकांच्या हुंड्याची कोरी धुनी हैत. इच्याकडं गिऱ्हाईक न्हाई न् काय न्हाई. आजची खाच मी मारनार न्हाई. धुतल्यालं धुनं म्हंजी काम न्हवं. लोकांचं मळल्यालं पायजे."

"आता मळल्यात," मागून नस्तासिया म्हणाली.

"आँ?"

"आता मळल्यात म्हनते. तुमीच मळवल्या. अन् लोकांच्याच हैत. त्या काठाला मोर हाय त्या आठ बघा."

गाव्रिलानं वाकून बघितलं. हौदात एक मोर जांभळा होऊन तरंगत होता. गेल्या हिवाळ्यात त्या मोराची लोकर त्यानं स्वतः विंचरली होती, शेकोटीपुढं बसून, मारूका शेजारी बसून चाती फिरवत असताना.

तो बुटांसकट हौदात उतरला.

घोंगडी छातीशी धरून वर आला तेव्हा नवी टोपी पाण्यावर तरंगत होती आणि मिशांतून चोथा गळत होता. तो नातीच्या घोंगडीकडं बघत राहिला. पलागानं आयुष्यात पहिल्यांदा त्याला न बोलता उभा राहिलेला बघितला आणि तिचाच जीव कळवळला. ती खाली उतरली, घोंगडीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी ती पिळली.

"बाई," मग ती साबिनाला म्हणाली, "ती डबी हिकडं धरा. चालूच हाय न्हवं?"

"चालू आहे. पण हवं तर पुसून टाकते, मावशी. नुसती चांगली गोष्ट तेवढी ठेवू."

पलागानं मनात दोन्ही तोलून बघितलं. खोटी गोष्ट गेली, तर गिऱ्हाईक येईल आणि खांबावर खाचा पडतील. खरी गेली, तर मुलूख हसेल.

"नगं पुसू," ती म्हणाली. "उद्या पाद्रीबाबांपुढं गुडघ्यावर बसून सांगायचंच हाय, तर आजच तुमच्या डबीत सांगते. चाळीस वर्सं म्या मळल्यालं धुतलं. आज पहिल्यांदा धुतल्यालं मळवलं, नावापायी. गिऱ्हाईक न्हाई. भोवरा खरा हाय, पानी खरं हाय, दहा गावं खोटी. बास."

साबिना हसली, पण डोळे पुसत. पलागाला वाटलं, वासानंच असेल.

सोमवारपासून भोवरा लागला. आलुबुखाराचा डाग म्हणजे सोपं काम नव्हे. एका वेळी तीन-चारच घोंगड्या मावायच्या आणि रंग सुटायला सबंध दिवस लागायचा. गाव्रिला रोज सांजेला यायचा, चाकू उघडायचा आणि तोंड वाकडं करून खाच मारायचा. चोविसावी, पंचविसावी, सव्विसावी. मळ लोकांचा होता, त्यात वाद नव्हता. घातला कुणी, तेही खांबाला ठाऊक होतं.

दहा-बारा दिवसांनी पाणी आटलं. वर पहिली थंडी पडली आणि ओढा बारीक झाला. भट्टी आणि भोवरा दोन्हीला पुरेना. मारूकाच्या शेवटच्या दोन घोंगड्या अजून हौदात होत्या, मोराचं डोकं जांभळंच. सकाळी पलागा उठली ती पाण्याच्या आवाजानं, भरघोस. धावत बघायला गेली तर भट्टीकडं पाणी नेणारी वरची मोरी बंद आणि भट्टी थंड. गाव्रिला दारात बसून पाईप ओढत होता.

"भट्टी का न्हाई पेटवली, भावजी?"

"लाकडं वली हैत," तो म्हणाला. लाकडं त्याच्यामागं छपराखाली वाळून खडखडीत होती.

मधले दोन रविवार आणि संत पारास्किवेचा सुट्टीचा सण वगळला, तर धुण्याचे दिवस बरोबर सतरा भरले. शेवटच्या शनिवारी मोर पांढऱ्यावर लाल होऊन कुंपणावर वाळत पडला आणि गाव्रिलानं चाळिसावी खाच मारली. मग चाकू न मिटता तो घुटमळला.

"वयनी, त्या पैल्या शनवारची... मारू का? येक शिल्लक असल्याली बरी."

"नगं," पलागा म्हणाली. "ते काम न्हवतं."

दुसऱ्या दिवशी, दुमित्रूच्या सणाला, देऊळ सुटलं. तोडेरानं चाळीस वेळा आळवलं होतं आणि आज पलागानं प्रत्येक वेळा बोट दुमडून मोजलं होतं. मग सगळं गाव पाद्रीबाबांच्या ओसरीवर रेडिओभोवती जमलं. साबिनानं काही म्हणजे काही गाळलं नव्हतं. 'पानी म्हंजी देवाचं' झालं, पन्हळीचा खोकला झाला, जोडओळी झाल्या, पलागाचा कबुलीजबाब झाला. गाव इतकं हसलं की पाद्रीबाबांना भिंत धरावी लागली. गाव्रिला शेवटच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता.

आठवड्याभरात दोन गाड्या आल्या, घोंगड्यांनी भरलेल्या. एक डोंगरापलीकडून. तिच्यातली बाई म्हणाली, "जिला खोटं बोलून राहवलं न्हाई, तिच्याकडं धुवायला टाकावं म्हटलं." कोर्बेश्ती धरून तीन गावं झाली. पलागानं मनात हिशेब केला. सात उरली, मग बोललेलं खरं होईल.

आणि गाव्रिला? त्यानं तीन डुकरं आणली. चोथा आता गाडीवर घालून त्यांच्यापुढं टाकतो आणि पाटाच्या बाजूनं जाताना मान वर करत नाही. परवा नस्तासियानं विचारलं, "अवो, डुकरांचा तुमाला एवढा तिटकारा, मग ही आणली कशाला?"

"रेडिओवर बोलून बसलोय न्हवं," तो करवादला. "आता मुलूखभर झालंय. माजं बोलनं मला परत गिळावं लागन्यापरीस डुकरांनी चोथा खाल्ल्याला परवडला."