टेसा लग्नात नाचली

खेकड्यांच्या कारखान्यातला हंगाम संपला की न्यूफाउंडलंडच्या आमच्या किनाऱ्यावर अख्खं गाव बेकारी भत्त्यावर हिवाळा काढतं. त्यात कुणाला लाज वाटत नाही. फक्त हंगामात कामाचे ठरलेले तास भरावे लागतात. कुणाचे थोडे कमी पडले तर मुकादम एल्फ त्याला हंगामाअखेर कारखाना धुण्याच्या कामावर घेतो आणि त्याचं भागवून देतो. देवमाणूस, म्हणतात सगळे.

टेसा पाइकचे तास यंदा थोडे कमी पडले. चोविशीतली पोर, पण आजार मेला असा चमत्कारिक, की कधी पाय बधिर होऊन आठवडेच्या आठवडे अंथरुणात, तर कधी काहीच नाही. आजारपणाच्या पेन्शनवाल्यांनी आधीच हात झटकले होते. कामाला जातेस ना, मग अपंग कशी, म्हणाले. आता धुण्याचं काम मिळालं तरच भत्ता, आणि भत्ता मिळाला तरच हिवाळ्यातली औषधं.

पाय ताळ्यावर आल्याबरोबर ती वडिलांना, लिओला, घेऊन एल्फकडे गेली. एल्फ जरा ओशाळला, पण काम कारखान्यातल्याच गसला दिलं म्हणाला. गस अर्धा हंगाम पिऊन पडला होता, हे काय गावाला ठाऊक नव्हतं? पण त्याची पाठ कामातून गेलीय म्हणे, आणि ती वर्षानुवर्षं तशीच आहे.

"त्याचं दुखणं रोजचं आहे, बाळा," एल्फ म्हणाला. "तू परवा आमच्या पोरीच्या लग्नात नाचलीस. सगळ्यांनी बघितलं. तुला काम दिलं तर लोक मला काय म्हणतील?"

"काका, त्या दिवशी पाय बरे होते."

"तेच म्हणतोय मी."

टेसाने वडिलांकडे पाहिलं. लिओचे तास भरले होते, एल्फनेच भरून दिले होते, आणि पुढच्या वर्षीही त्याच्याच दारात उभं राहायचं होतं. लिओ नुसती टोपी चाचपत राहिला. तिला बापाची चीड आली, सख्ख्या बापाची, आणि ती तिथेच गिळावी लागली.

घरी आल्यावर लिओने माळ्यावरची जुनी काठी काढली, धूळ पुसली आणि तिच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"यापुढे बाहेर पडताना ही घेत जा."

"आणि पाय चांगले असतील तेव्हा?"

"तेव्हा तर विसरूच नकोस."